बुजवलेल्या दाराची चौकट

तळहात भिंतीवर टेकवला की ओला व्हायचा. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते, दिवाळी उलटून गेली होती, पण आमच्या पुढच्या खोलीतली दक्षिणेची भिंत वाळायचं नाव घेईना. जमिनीपासून छातीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले होते. पोपडा उचलला की मागून मिठासारखी पांढरी पूड गळायची. आई असती तर लांबूनच बघून म्हणाली असती, लोणा लागलाय. दर दोन वर्षांनी आम्ही ते सगळं खरवडायचो, पुट्टी भरायचो, वर महागातला वॉटरप्रूफ रंग द्यायचो, आणि पुढच्या श्रावणात भिंत पुन्हा फुगायची. शेवटी मी ठरवलं, यंदा रंगारी नको. जुन्या घरांचं काम केलेला मेस्त, म्हणजे गवंडी, शोधायचा.

आमचं घर पणजीत, मळ्यात. अल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी, फोंतेन्हासला लागून. टेकडीवर मारुतीचं देऊळ, खाली झऱ्याचं पाणी, पलीकडे रुआ द ओरेची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं. या झऱ्यांवरूनच फोंतेन्हास हे नाव पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळाची बाग होती, मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या एका गोवेकराची. बागेत आधी थोडी घरं आली. जुन्या गोव्यातून साथीच्या तापाने हैराण झालेली वस्ती नदीच्या तोंडाकडे सरकतच होती, १७५९ मध्येच व्हाइसरॉय पणजीत राहायला आले होते, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, आणि नारळाच्या ओळींच्या जागी घरांच्या ओळी उभ्या राहिल्या.

जुन्या गोव्यातल्या ओस पडलेल्या इमारतींचे दगडही इकडे आणून वापरले गेले. त्यामुळे आमच्या पणजीतला एखादा चिरा आधी कुठल्या कॉन्व्हेंटच्या किंवा कुणा सरदाराच्या भिंतीत होता, कोण जाणे. घर बदलतं याचं लोकांना वाईट वाटतं तेव्हा मला हे नेहमी आठवतं. या शहराची घरं मुळातच दुसऱ्या घरांच्या सामानातून झाली आहेत.

गोव्याचं घर म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे गावातलं घर येतं. पुढे बाल्कांव, त्यात दोन बाजूंना बसायचे सोपे, आजूबाजूला माड, घर आडवं पसरलेलं. हिंदूंचं असेल तर मध्ये राजांगण, त्यात तुळस, भोवती खोल्या. शहरातल्या घराला एवढी चैन नव्हती. जागा अरुंद, तोंड रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. म्हणून ही घरं मागे खोल जातात. खाली दुकान किंवा गोदाम, वर माणसं. वरच्या मजल्यावर जमिनीपर्यंत उतरणाऱ्या उंच खिडक्या आणि बाहेर हातभर रुंदीची लोखंडी कठड्याची गॅलरी, मिरवणूक बघण्यापुरती. मागे विहीर, न्हाणी आणि जेमतेम उन्हाचा एक चौकोन. आमची तुळस त्या चौकोनात आहे. पुढे रस्त्यावर लावायला जागाच नाही.

हे घर आमच्यासाठी बांधलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. त्यानंतर फोंडा महालातून, इकडून तिकडून बरीच कुटुंबं शहरांत स्थिरावली. माझे पणजोबा त्यांच्यातलेच. नारळ-सुपारीचा व्यापार. त्यांनी एका ख्रिस्ती कुटुंबाकडून हे घर घेतलं. पोर्तुगीजमधलं विक्रीखत अजून बाबांच्या ट्रंकेत आहे. वरच्या सालात, म्हणजे बैठकीच्या मोठ्या खोलीत, भिंतीत एक कोनाडा होता, संतांच्या मूर्तीसाठी केलेला, वर शिंपल्याच्या आकाराची कमान. पणजोबांनी तो मोडला नाही. त्यात मंगेशाची तसबीर ठेवली आणि समोर समई लावली. मी लहानपणी त्या शिंपल्याच्या कमानीला देवाचीच प्रभावळ समजत होते.

बदलांची सुरुवात त्या कोनाड्यापासून धरायला हरकत नाही. त्यानंतर प्रत्येक पिढीने घराला हात लावला.

छपरावर आधी नळे होते, कुंभाराने हाताने केलेले अर्धगोल, एक उताणा एक पालथा असे बसवलेले. दर उन्हाळ्यात माकडांनी आणि वाऱ्याने विस्कटलेले नळे शाकारायला माणूस यायचा. आजोबांनी ते काढून मंगळुरी कौलं घातली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही चपटी, एकात एक अडकणारी कौलं गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर पोचली. आज पर्यटक ज्याला अस्सल पोर्तुगीज छप्पर म्हणून फोटोत घेतात, ते बहुतेक ठिकाणी जर्मन मिशनऱ्यांच्या मंगळुरी कारखान्याचं किंवा त्यांची नक्कल करणाऱ्यांचं देणं आहे. आजोबांसाठी तो बदल फार मोठा होता. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात गळतं छप्पर म्हणजे काय, ते ज्यांनी रात्री उठून तपेली मांडली आहेत त्यांनाच कळेल.

मग खिडक्या. आमच्या वरच्या चारपैकी दोन खिडक्यांना अजून शिंपा आहेत. काचेआधीच्या काळात गोव्यात खिडक्यांना पापडासारखी पातळ, चपटी, अर्धपारदर्शक शिंप लावत. तिच्या कडा कापून चौकोनी करायच्या आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवायच्या. त्यातून येणारा उजेड दुधात हळद कालवल्यासारखा असतो. बाहेरचं काही दिसत नाही, पण ऊन आहे की ढग आलेत हे कळतं, आणि भर मे महिन्यात दुपारी खोली डोळ्यांना गार वाटते. आत्याच्या लग्नाच्या वेळी उरलेल्या दोन खिडक्यांना काचा लावल्या. नवरा मुलगा बघायला येणार, घर नव्या वळणाचं दिसावं, ही आजीची इच्छा. काढलेल्या शिंपा आजीने फेकल्या नाहीत, पाटाखाली कागदात गुंडाळून ठेवल्या. पुढे जेव्हा जेव्हा एखादी शिंप तडकली तेव्हा त्या गठ्ठ्यातली एक काढून बसवली. आता गठ्ठ्यात नऊच उरल्या आहेत. नवी आणायची सोय नाही. जुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात ही शिंप अजून जिवंत सापडते, पण वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून त्या नऊ शिंपा आमच्या घरात सोन्याच्या डब्याशेजारी असतात.

जिन्याखाली शौचालय आलं, मागच्या पडवीला भिंत घालून स्वयंपाकघर झालं, चूल जाऊन गॅस आला, शेणाने सारवलेली मागची जमीन आधी लाल कोब्याची आणि नंतर फरशीची झाली. काकांचं लग्न झालं तेव्हा सालाचे फळ्यांच्या आडभिंतीने दोन भाग केले. ती आडभिंत सुताराने एकही खिळा न ठोकता, पाचरी मारून उभी केली होती. काका वास्कोला गेले तेव्हा बाबांनी नि मी एका दुपारी पाचरी काढल्या आणि साल पुन्हा साल झालं. फळ्यांची पुढे पुस्तकांची मांडणी झाली.

आणि १९८६ मध्ये बाबांनी सिमेंटचा गिलावा केला.

बाबांना दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. ते मराठी शाळेत मास्तर. त्या गिलाव्यासाठी त्यांनी सोसायटीतून कर्ज काढलं होतं. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. गोवामुक्तीनंतरच्या पंचवीस वर्षांत सिमेंट म्हणजे पक्कं, चुना म्हणजे जुनाट, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. चुन्याची भिंत दरवर्षी पावसानंतर पांढरी करावी लागते, कपड्यांना लागते, हाताला लागते. सिमेंट एकदा केलं की झालं. गिलावा वाळला तेव्हा बाबांनी भिंतीवर थाप मारून तिचा आवाज ऐकवला होता. टणक, खणखणीत. मी तेव्हा आठवीत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला अजून दिसतं. आपल्या मुलांना कोरडं घर देतोय, असं त्यांना वाटत होतं.

मेस्त आले ते जानेवारीत. पासष्टीचे, बार्देशातले, बोलायला कमी. त्यांनी भिंतीला कान लावला, बोटाच्या पेराने चार ठिकाणी वाजवून पाहिलं, मग खिशातला खिळा काढून एका पोपड्यात खुपसला. खिळा सहज आत गेला. म्हणाले, ‘‘वणटीक लेगीत वारो जाय.’’ भिंतीलासुद्धा वारा लागतो. पुढचं सगळं त्यांनी काम करता करता सांगितलं.

आपला चिरा, जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो. कुऱ्हाडीच्या दोन घावांत तासता येतो, मग हवा लागून टणक होतो. पण त्याची भोकं जात नाहीत. तो जमिनीतलं पाणी पितो आणि पावसातलंही. जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. त्यांनी त्यावर चुना लावला, कारण चुनाही तसाच सच्छिद्र. भिंत पावसात पाणी पिते, आणि ऊन पडलं की त्याच वाटेने सोडून देते. सिमेंट ती वाट बंद करतं. पाणी आतच राहतं, बाहेर पडायला जागा शोधत वर वर चढतं, आणि जाताना मातीतले क्षार घेऊन जातं. तोच लोणा. त्यावर वॉटरप्रूफ रंग म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीला आणखी एक गाठ.

मग त्यांनी मला शेजारी नेलं. ही भिंत सामाईक. पलीकडच्या बाजूला तियाचं घर. तिया म्हणजे आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई. लहानपणापासून आम्ही सगळी मुलं त्यांना त्यांच्या भाच्यांसारखं तियाच म्हणत आलो. त्यांच्या बाजूने भिंतीला कुणी कधी सिमेंट लावलेलं नाही. दर वर्षी नाताळाआधी चुन्याचा एक हात, बस्स. मेस्तांनी तिथे हात ठेवायला सांगितला. गार, पण कोरडी. भिंत तीच. चिरे तेच. जमीन तीच.

त्या एका स्पर्शाने मला जे कळलं ते कुठल्याही लेखाने कळवलं नसतं.

छिन्नी-हातोडीने गिलावा उतरवायला आठ दिवस लागले. सिमेंट सुटताना चिऱ्याची साल सोबत ओढून आणतं, म्हणून मेस्त फार सावकाश काम करत होते. सिमेंटखाली काही ठिकाणी जुना चुना शिल्लक होता, आणि त्यावर रंगाचे थर. मी नखाने एक एक थर उलगडत बसले. सगळ्यात वर बाबांच्या लहानपणीचा फिका हिरवा. त्याखाली नीळ घातलेला निळा. त्याखाली कावेचा तांबूस. मग पिवळा, आणि अगदी तळाशी पांढरा. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घरं रंगवण्याचा नियम होता आणि निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, असं इथे सगळे सांगतात. म्हणूनच घरांच्या भिंती रंगीत आणि पांढरा फक्त खिडक्यांच्या कडांना, कोपऱ्यांच्या पट्ट्यांना. आतल्या भिंतीला तो नियम कशाला असेल. पण एका नखाच्या जाडीत चार-पाच पिढ्यांची आवड मावलेली पाहिली आणि मी तो बोटभर तुकडा तसाच ठेवायला सांगितला. तो आता काचेखाली आहे.

सहाव्या दिवशी, जिथे बाबांचं पुस्तकांचं कपाट असायचं त्या जागी, गिलाव्याखाली लाकूड लागलं.

आधी वाटलं तुळई असेल. मेस्तांनी कुंचल्याने धूळ झाडली. फणसाच्या लाकडाची चौकट, माणसाच्या उंचीपेक्षा हातभर उंच. डाव्या बाजूला गंजलेल्या दोन बिजागऱ्या, उजवीकडे कोयंड्याचं भोक. आणि चौकटीच्या आत चिऱ्यांचे तुकडे, चुन्यात नव्हे, नुसत्या मातीत बसवलेले. कधीतरी इथे दार होतं. आमच्या घरातून थेट तियाच्या घरात जाणारं.

मी जिना उतरून तियाकडे गेले. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी सांगितलं, दोन्ही घरं एकच होती, त्यांच्या आजोबांची आणि आजोबांच्या भावाची. वाटणी झाली, भावाने आपला अर्धा भाग विकला, तो तुमच्या पणजोबांनी घेतला. दार तेव्हाच बुजवलं.

यात नवल काही नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची वारसाहक्काची पद्धत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे, मुक्तीनंतरही. आई-बापाच्या मिळकतीत सगळ्या मुलांना सारखा वाटा, मुलगा असो की मुलगी. मी स्वतः या घरात आज उभी आहे ती त्याच हक्कावर. माझा भाऊ पुण्यात असतो आणि आम्ही दोघं सारखे मालक आहोत. हा कायदा मला फार मोलाचा वाटतो. पण त्याची छाया घरांवर पडते, हेही खरं. तीन पिढ्या गेल्या की एका घराला वीस-पंचवीस वारस होतात. कुणी लिस्बनला, कुणी मुंबईत, कुणी कॅनडात. सगळ्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय कौलसुद्धा हलत नाही, आणि घर कुलपात कुजत राहतं. आमच्या गल्लीत अशी घरं आहेत. भाडेकरूंची वेगळी गोष्ट. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर जुनी भाडी इतकी कमी राहिली की मालकाला डागडुजी परवडेना, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूने ती करायची नाही. छपराला तेवढ्यात भोक पडतं.

मला मात्र त्या दिवसापासून एकच गोष्ट सुटत नव्हती. दार बुजवणाऱ्याने चौकट का ठेवली? फणसाची चांगली चौकट. काढली असती तर दुसरीकडे वापरता आली असती किंवा विकता आली असती. आणि भरणा मातीत का केला? चुना काही दुर्मिळ नव्हता, बाकी सगळी भिंत चुन्यातच आहे. मेस्तांना विचारलं तर म्हणाले, मातीत बसवलेला दगड हाताने निघतो.

मला वाटतं, ज्याने कुणी ते दार बंद केलं, त्याने ते उघडता येईल असं बंद केलं. भावांचं भांडण असेल, पैशांची निकड असेल, पण त्याच्या मनात घर अजून एकच होतं. तेव्हापासून मी जुन्या घरातला कुठलाही बदल याच मापाने मोजते. पुढच्या माणसाला तो परत फिरवता येईल का? पाचरी मारलेली आडभिंत येते. कागदात गुंडाळलेल्या शिंपा येतात. संतांच्या कोनाड्यातला मंगेश येतो, कारण कोनाडा जसाच्या तसा आहे. सिमेंटचा गिलावा येत नाही. चिऱ्याच्या भिंतीत खोबण पाडून घुसवलेला काँक्रीटचा स्लॅब तर मुळीच नाही.

आपल्याकडे ‘मूळ रूप’ या शब्दाला फार मान आहे. मला तो शब्द कळत नाही. पणजीतली सगळ्यात जुनी वास्तू घ्या, मांडवीच्या काठावरचं जुनं सचिवालय. ते आधी आदिलशहाचा वाडा होतं. मग पोर्तुगीज व्हाइसरॉयांचं निवासस्थान झालं, १९१८ मध्ये गव्हर्नर काबोच्या टोकावरच्या निवासस्थानी गेल्यावर सरकारी कचेऱ्या आल्या, मुक्तीनंतर विधानसभा भरली, ती २००० मध्ये पर्वरीला गेली. यातलं कुठलं रूप मूळ? त्याच्या मागेच म्हामाय कामतांचं घर आहे, ज्यांच्या पेढीच्या कागदपत्रांवर इतिहासकारांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला हिंदी महासागराचा व्यापार उभा केला. एकाच छपराखाली घरही आणि पेढीही. मडगावला कोंब भागातलं दामोदर साल तर नावानेच सांगतं की ही घराची बैठक आहे. त्या सालाची देवाची जागा झाली. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद मडगावला आले तेव्हा तिथेच राहिले. घराने जागा दिली म्हणून देव राहिला, आणि देव राहिला म्हणून घर टिकलं.

फोंतेन्हासमध्ये आता उलटा प्रकार दिसतो. हा भाग संरक्षित आहे, दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी लागते, आणि ते हवंच. २००४ पासून चित्रपट महोत्सव पणजीत भरायला लागला, रस्ते रंगले, घरं उजळली. त्याचाही मला आनंद झाला होता. पण दर्शनी भाग जपून आतलं घर संपूर्ण पोकळ केलेलं मी पाहिलं आहे. बाहेर निळी भिंत, पांढऱ्या पट्ट्या, कोंबड्याची टाइल, आणि आत सगळ्या आडभिंती काढून, चुना खरवडून, एसीच्या खोल्या. तिथे कुणी राहत नाही. रात्री दिवे लागतात ते पाहुण्यांचे. सकाळी कुणी अंगण झाडत नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. आमच्या पायरीवर फोटोसाठी बसलेल्या मुलींना मी कधी उठवत नाही, त्या वयाच्याच असतात, पण त्यांनी ज्या भिंतीला टेकून हसायचं ती भिंत कुणाच्या तरी घराची आहे हे त्यांना दिसत राहावं, यासाठी मी दुपारी मुद्दाम पुढची खिडकी उघडी ठेवून शिवणाला बसते.

गावंढळ वाटेल, पण मला वाटतं की जिन्याखाली चुकीच्या जागी बांधलेलं एखादं शौचालय घराला पोकळ होण्यापेक्षा बरं. त्याचा अर्थ तिथे एखादी म्हातारी आई आहे, जिला रात्री मागच्या न्हाणीपर्यंत जाववत नाही.

चुन्याची तयारी मेस्तांनी आधीपासूनच केली होती. भाजलेला चुना महिनाभर पाण्याच्या टाकीत मुरवलेला. पूर्वी इथे शिंपल्यांचा चुना करत, खाडीतल्या खुब्या-तिसऱ्यांच्या कवचांची भट्टी लावून. आता तो क्वचितच मिळतो. मुरलेला चुना लोण्यासारखा मऊ होतो, फावड्याला चिकटून राहतो. त्यात रेती, थोडं वीटकूट आणि गुळाचं पाणी. पहिला हात जाड, दुसरा त्याहून पातळ, तिसरा तर पीठ चाळल्यासारखा. मेस्त थापीने लावायचे आणि लाकडी रंध्याने गोल गोल फिरवत दाबायचे. सिमेंट काही तासांत आवळतं. चुन्याला घाई चालत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. त्यासाठी भिंत ओली ठेवायची, दोन आठवडे तरी, सकाळ-संध्याकाळ. ते काम माझ्याकडे आलं. तांब्यात पाणी घेऊन हाताने शिंपडायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खोलीला एक वास यायला लागला, पहिल्या पावसाच्या आधीचा. आई गेल्यापासून या घराला असा वास आला नव्हता.

दाराचं काय करायचं, हा प्रश्न होताच. भाऊ फोनवर म्हणाला, उघड की, काचेचं दार लाव, छान दिसेल. मला ते पटलं नाही. पलीकडे तियाचं घर आहे, त्यांचे वारस वेगळे आहेत, त्यांना त्यांच्या घरात त्यांची शांतता हवी. मी मेस्तांना म्हटलं, भरणा मातीतच राहू द्या. ढिले झालेले तुकडे परत मातीत बसवा, वर चुना करा, पण चौकटीचं लाकूड उघडं ठेवा. त्यांनी लाकडाला काजूच्या तेलाचा हात दिला.

आणि मग मला लहानपणापासूनचं एक कोडं सुटलं. संध्याकाळी सातला तियाच्या घरातली लदाईन, म्हणजे त्यांची गाऊन म्हटलेली प्रार्थना, आम्हाला त्या पुस्तकांच्या कपाटामागूनच ऐकू यायची, बाकी भिंतीतून कधीच नाही. तिया म्हणाल्या, त्यांनाही तसंच. आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरून नाट्यगीतं लागायची तेव्हा बाबांचा रेडिओ त्यांना त्यांच्या कपड्यांच्या कपाटातून ऐकू यायचा. त्यांच्या आईने म्हणे एकदा त्या कपाटालाच विचारलं होतं, बाबा रे, कोण गातो आत?

भिंत ओली ठेवायला लागून नववा दिवस असेल. सकाळी दूध तापवत होते तेव्हा तियांनी मागच्या विहिरीपाशी येऊन हाक मारली. आवाज घाईचा होता. माझ्या मनात आलं, आपलं पाणी त्यांच्या बाजूला गेलं, चुन्याचा हात खराब झाला असणार. तशीच ओल्या हाताने गेले.

त्यांनी मुलाला सांगून कपाट पुढे ओढून घेतलं होतं. त्यांच्या पांढऱ्या भिंतीवर, इतक्या वर्षांच्या चुन्याच्या थरांवर, एक गडद चौकोन उमटला होता. मातीच्या भरण्याने बाकीच्या चिऱ्यांपेक्षा जास्त पाणी ओढलं होतं, आणि ते बरोबर चौकटीच्या आकारात पलीकडे उतरलं होतं. वरचा काठ सरळ, दोन्ही बाजू सरळ, खाली उंबरा. नव्वदीला टेकलेल्या तिया काठी भिंतीला लावून उभ्या राहिल्या आणि मोकळ्या हाताने त्या ओल्या चौकोनाची उजवी बाजू चाचपू लागल्या, कोयंडा असायला हवा त्या उंचीवर.

‘‘पाणी थांबवू का?’’ मी विचारलं.

‘‘नाका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सुकतलें मागीर.’’ सुकेल नंतर.

मी घरी आले आणि तांब्या भरून घेतला.